पायाखालचा ड्रमर

*सप्रेम नमस्कार. मी मिरजेचा, वय ४१, बँकेत नोकरी. कॉलेजपासून गिटार वाजवतो आणि गातो. गेली दोन वर्षं सांगलीतल्या एका हॉटेलच्या गच्चीवर दर शनिवारी दीड तास बसतो. बरोबर एक मित्र कहोन (वर बसून हातांनी वाजवायचं लाकडी खोकं) वाजवायचा, त्याची जूनमध्ये पुण्याला बदली झाली. आता एकटाच असतो आणि गाणी पोकळ वाटतात. गिटारवाल्यांसाठी पायाने दाबायचं ड्रम मशीन मिळतं असं कळलं. किंमत ऐकून बायको म्हणाली, मुलीच्या कॅसिओत सगळे ऱ्हिदम आहेत, ते काय वाईट आहेत? तबला शिकलेला एक मित्र म्हणतो, मशीनच्या नादी लागलास तर लय कायमची पांगळी होईल. यादीत १६ गाणी आहेत: निम्मी जुनी हिंदी, चार भावगीतं, तीन इंग्रजी, आणि शेवटी एक अभंग, त्यावर लोक टाळ्या धरतात. गिटार अकूस्टिक, पिकअपवाली. घरी इलेक्ट्रिक आणि तिचा छोटा अ‍ॅम्पही पडून आहे. पेडल घेऊ की नको?*

घ्या, पण महिनाभर थांबून. आणि घेतल्यावर अभंगाला ते बंद ठेवा. उत्तर एवढंच आहे. घाईत असाल तर इथे थांबलात तरी चालेल.

आधी तबलेवाल्या मित्राचं बघू. तुम्ही तंबोऱ्यांच्या गावात राहता. तुमच्या आसपास गाणं शिकणाऱ्या कुठल्याही घरात सकाळी कान द्या. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि तालाचं मशीन लावून पोरं तासन्‌तास रियाज करताना दिसतील. बंगळुरूच्या रॅडेल कंपनीची तालमाला तर कित्येक गायकांच्या पेटीशेजारी वर्षानुवर्षं असते. त्यांच्यातल्या कुणाची लय त्यामुळे पांगळी झालेली मी पाहिली नाही. उलट, आपण कुठे पळतो हे त्यांना लवकर कळतं, कारण मशीन कुणाची भीड धरत नाही.

तरी मित्राच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे. मशीनला कान नसतात. तुमचा कहोनवाला मित्र तुमच्या श्वासाकडे बघून वाजवत होता. तुम्ही मुखडा अर्धा क्षण धरलात तर तो थांबायचा, आणि तुम्ही शब्द विसरलात तर आणखी एक आवर्तन फिरवायचा. यातलं काहीही पेडल करणार नाही. लय पांगळी होणार नाही, पण जबाबदारी सगळी तुमच्यावर येईल. आजवर ती दोघांत वाटलेली होती, म्हणून तुम्हाला ती जाणवत नव्हती.

गिटारवाल्याने यंत्राबरोबर वाजवणं तसं जुनं आहे. ही ऱ्हिदमची खोकी मुळात घरी ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी निघाली. वुर्लिट्झरचं ‘साइडमन’ १९५९ चं. पुढे ओक्लाहोमाच्या जे. जे. केलने १९७१ च्या पहिल्याच अल्बममध्ये असलं खोकं मागे लावून गिटार वाजवली. त्या टिकटिकीवर त्याचा हात इतका सैल आणि निवांत पडतो की मशीन आहे हे आधी लक्षातच येत नाही. इंग्लंडातल्या लीड्सच्या ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या बँडने तर आपल्या ड्रम मशीनला ‘डॉक्टर अ‍ॅव्हलांच’ असं नाव देऊन बँडचा सभासदच करून टाकलं. म्हणजे ‘मशीन लावलं की तो खरा वादक नाही’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड (काड्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) आला तेव्हाही ढोलकीवाले असंच म्हणत होते. नंतर त्यातलेच निम्मे पॅडवाले झाले.

अडचण हाताची होती. ड्रम मशीनची बटणं बोटांनी दाबायची, आणि गिटारवाल्याची दहाही बोटं गुंतलेली. अ‍ॅलेसिसच्या एसआर-१६ सारख्या टेबलावरच्या मशीनला पायाचं स्विच जोडता यायचं. पण गिटारवाल्याच्या पायाखाली ठेवायच्या डबीतच सगळा ड्रमर बसवण्याची कल्पना लोकप्रिय केली ती ‘बीटबडी’ने, २०१४ च्या सुमारास. ती काढणारा डेव्हिड पॅकाउझ त्याआधी शस्त्रास्त्रांच्या व्यापारात होता आणि त्या भानगडीवर हॉलिवूडचा सिनेमाही निघाला. याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही, पण मला ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता पाय नेमकं काय करतो ते. एकदा दाबलं की मोजणी किंवा छोटी उठाण होऊन ठेका सुरू. चालू ठेक्यात एकदा टिचकी मारली की फिल, म्हणजे ऑर्केस्ट्रावाले ज्याला रोल म्हणतात ते, आणि बार (पाश्चात्त्य तालाचं छोटं आवर्तन) संपताना मशीन स्वतःच समेवर येतं. दाबून धरलं की ठेका बदलण्याची तयारी. सोडलं की पुढचा भाग सुरू, म्हणजे मुखड्याचा ठेका जाऊन अंतऱ्याचा येतो. झटपट दोनदा मारलं की शेवट.

शेवटच्या वाक्याने माझी एकदा चांगलीच फजिती केली आहे. साताऱ्याकडे एका लग्नाचं रिसेप्शन होतं. मी नवंकोरं पेडल घेऊन एकटाच बसलो होतो. अंतऱ्याआधी जरा जोरदार रोल हवा म्हणून उत्साहात दोन टिचक्या मारल्या. मशीनने इमानदारीने शेवटचा रोल वाजवला, झांज आपटली आणि गप्प झालं. मी अंतऱ्याच्या पहिल्या ओळीच्या मध्यावर तोंड उघडं ठेवून. नवरदेवाच्या मामांना वाटलं गाणं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग काय, मीही वाकून नमस्कार केला आणि पुढचं गाणं धरलं. दोष पेडलचा नव्हता. पायाला शिकवलं नव्हतं, हे खरं.

म्हणूनच महिनाभर थांबा म्हणतोय. गिटारवाल्याचा एक पाय आधीच कामात असतो, तो ताल धरून आपटत असतो. कित्येकांना हे माहीतही नसतं. त्या पायावर दुसरं काम टाकलं की तो थबकतो, आणि त्याबरोबर उजवा हातही अडखळतो. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची, म्हणजे चार मात्रांचा बार अडीच सेकंदांचा. त्या अडीच सेकंदांत तुम्ही ओळीचा शेवटचा शब्द लांबवताय, डावा हात पुढच्या कॉर्डकडे निघालाय, उजव्याचा स्ट्रोक चालू आहे, आणि नेमकं तेव्हाच पायाने टिचकी मारायची. ऐकायला सोपं आहे. करून बघा.

करून बघायला पेडल लागत नाही. खुर्चीवर बसा, उजव्या पायाखाली डब्याचं पत्र्याचं झाकण पालथं ठेवा. टाच जमिनीला टेकलेली, चवडा झाकणाच्या बोटभर वर. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि नेहमीचं एक गाणं म्हणा. प्रत्येक अंतऱ्याच्या आधीच्या बारात, तिसऱ्या मात्रेवर झाकण वाजवायचं. मग ऐका. टक कुठे पडलं ते स्पष्ट कळेल. पहिल्या दिवशी बहुतेकांचं टक पुढच्या समेवर नाहीतर तिच्याही नंतर पडतं, आणि त्या जागी गिटारचा एक स्ट्रोक गायब असतो. आधी गिटार बाजूला ठेवून नुसतं गात पाय मारा, मग नुसती गिटार आणि पाय, मग तिन्ही. सलग तीन गाण्यांत सगळी टकं जागेवर पडली की पेडल तुमचं झालं असं समजा. आणि हो, कोल्हापुरी घालून पेडलवर बसू नका. चपलेचा पुढचा भाग टणक असतो, कधी दाबलं गेलं ते कळत नाही, आणि टाच सटकते. मी आता पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट घालतो. घरी अनवाणी.

आता तुमच्या यादीकडे येतो, कारण खरा पेच तिथे आहे आणि दुकानदार त्याबद्दल बोलत नाही.

या पेडलमधले ठेके मुख्यतः रॉक, ब्लूज, पॉप, फंक, बोसा नोव्हा, वॉल्ट्झ अशा घराण्यांतले. तुमच्या तीन इंग्रजी गाण्यांना त्यातलं काहीतरी अंगरख्यासारखं बसेल. पण जुनी हिंदी आणि भावगीतं बहुतेक केरवा नाहीतर दादरा. केरव्याच्या आठ मात्रा आणि ४/४ च्या बारातले आठ ठोके कागदावर जुळतात, पण वजन जुळत नाही. केरव्यात पाचव्या मात्रेवर ‘खाली’ येते, तिथे डग्गा हलका होतो आणि गाणं किंचित वर उचललं जातं. साध्या रॉक बीटमध्ये नेमक्या त्याच जागी किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, दणका बसतो. दादऱ्यात तेच, जास्त वाईट. सहा मात्रांत चौथीवर खाली, आणि ६/८ च्या ठेक्यात स्नेअर, म्हणजे काडीने वाजवायचा छोटा ड्रम, फाडकन वाजतो तो चौथीवरच. तबल्याने जिथे हात सोडला, तिथे ड्रमने मूठ आपटली. भावगीत बूट घालून देवळात शिरल्यासारखं वाटतं. गाणाऱ्याला काय खुपतंय ते कळत नाही, तो म्हणतो, मशीनला फील नाही. फील आहे, पण दुसऱ्या गावचा.

उपाय आहेत. जिथे किक फक्त समेवर आहे आणि बाकी शेकर किंवा ब्रश फिरतोय असे ठेके शोधा. बोसा आणि हलक्या अकूस्टिक प्रकारांत सापडतात. स्नेअरऐवजी साइडस्टिक, म्हणजे काडी रिमवर आडवी ठेवून काढलेला टक, असलेला किट निवडा. दादऱ्यासाठी ब्रशचा वॉल्ट्झ घेऊन त्याचे दोन बार म्हणजे एक आवर्तन धरा, तो ६/८ पेक्षा कमी टोचतो. बीटबडीत संगणकावरून स्वतःचे ठेके (मिडी फाइली) आणि आवाज (वेव्ह फाइली) कार्डावर भरता येतात, म्हणजे ढोलक-तबल्याचे आवाज घालून खरा केरवा करता येतो. पण ते एका रविवारच्या दुपारचं काम नाही. मला पहिला दादरा माणसात आणायला तीन रविवार लागले, आणि चौथ्या रविवारी बायको म्हणाली, आधीचाच बरा होता.

तुमची गिटार अकूस्टिक, वर गच्चीवरचा कार्यक्रम आणि सवय कहोनची. म्हणून बॉसचं डीआर-०१एस जरूर ऐकून बघा. ते अकूस्टिकवाल्यांसाठीच काढलेलं आहे, त्यात कहोन, शेकर, टॅम्बरीन अशा आवाजांचे ठेके आहेत. पूर्ण ड्रमसेटपेक्षा तुमच्या भावगीतांना ते कमी परकं वाटेल असा माझा अंदाज आहे, आणि श्रोत्यांनाही मित्राच्या कहोनची आठवण होईल. डिजिटेकच्या ट्रायोबद्दल कुणीतरी सांगेलच: तुम्ही कॉर्ड वाजवून शिकवायचे आणि ते ऐकून बेस आणि ड्रम दोन्ही लावून देतं. २०१५ मध्ये आलं तेव्हा आम्ही सगळे लहान मुलांसारखे त्याच्याभोवती बसलो होतो. घरी मजेचं आहे. पण ऐन कार्यक्रमात, लोकांसमोर, प्रत्येक गाण्याआधी मशीनला कॉर्ड शिकवत बसणं मला जमलं नाही. ऱ्हिदमवाले लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तोच फिरवत ठेवणारी पेडलं, घ्यायचे तर आधी लूप नीट बंद करायला शिका. लूपची लांबी तुमचा पाय ठरवतो, आणि तो पाव मात्रा उशिरा पडला तर ती पाव मात्रा गाणंभर प्रत्येक फेरीला लंगडत येते.

आवाजाबद्दल थोडं. पेडल घरच्या इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये लावून बघाल आणि नाराज व्हाल. व्हा, पण पेडलवर नका. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो आणि तळाचा खर्जही त्याला पेलत नाही. गिटारला ते शोभतं, म्हणूनच तसा बनवतात. पण झांजेची चकाकी आणि किकचा खालचा गाभा दोन्ही तिथेच राहतात, आणि मध्ये उरतो तो पुठ्ठ्याच्या खोक्याचा आवाज. ड्रम पूर्ण रेंजच्या स्पीकरला हवेत: गच्चीवरचे स्टँडवरचे बॉक्स, किंवा ट्वीटर असलेला अकूस्टिक अ‍ॅम्प. हॉटेलच्या मिक्सरमध्ये जागा असेल तर गिटार एका चॅनलला, पेडल दुसऱ्याला. एकाच केबलने दोन्ही पाठवलंत तर गिटारला रिव्हर्ब (घुमारा) वाढवताना ड्रमही विहिरीत जाईल. इलेक्ट्रिक वाजवाल तेव्हा पेडल डिस्टॉर्शनच्या (आवाज फाटका करणाऱ्या पेडलच्या) नंतर, साखळीच्या शेवटी. आणि आवाज तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा. टेबलांवर लोक गप्पा मारायला आलेले असतात. शेकर ऐकू येतोय की नाही असा संशय येईल इतपत ठेवलं की तो बरोबर असतो.

वीज: डिजिटल पेडलं साध्या पेडलपेक्षा बरीच जास्त वीज खातात. बीटबडीला ९ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर लागतात. सगळ्या पेडलना एकच अ‍ॅडॅप्टर जोडून चालवलंत तर गिटारमध्ये बारीक किणकिण ऐकू येते. ड्रमच्या पेडलला वेगळा अ‍ॅडॅप्टर द्या.

आता अभंग. टाळ्या धरणारे लोक हळूहळू चढतात, ते चढणारच, त्यासाठीच टाळ्या धरलेल्या असतात. भजनात लय वाढते ती कुणी ठरवून वाढवत नाही, सगळ्यांच्या अंगातून ती वर येते. मशीन ८८ वर लावलंत तर ते शेवटपर्यंत ८८. तिसऱ्या कडव्याला लोक ९२ वर, मशीन मागे, आणि तुम्ही दोघांच्या मधे, एक कान इकडे, एक तिकडे. लोक चुकले असं वाटायला लागेल आणि तुम्ही त्यांना हाताने शांत करायला जाल. असा सत्यानाश मी पाहिलाय. टॅप टेम्पोने पायाने लय वाढवता येते हे मला ठाऊक आहे, पण अभंग गाताना ते करायचं कुणाला सुचतं? १५ वं गाणं संपलं की पेडलवर पाय ठेवून मशीन बंद करा आणि गिटारच्या खोक्यावर अंगठ्याने ठेका धरा. लोकांचे हात आहेतच.

यादीचा हिशेब असा: तीन इंग्रजी गाण्यांना पेडल बिनधास्त. हिंदीतली जी सरळ चालीची आहेत त्यांना ठेका शोधून. भावगीतांपैकी दोन तरी नुसत्या गिटारवर ठेवा, कारण सगळ्या गाण्यांमागे एकच मशीन चालू राहिलं की तिसऱ्या गाण्यानंतर कानाला त्याचं भान राहत नाही. मग ते बंद पडलं की लोक दचकतात. १६ पैकी आठ-नऊ गाण्यांना ते कामाला येईल. दर शनिवारी आठ-नऊ गाणी म्हणजे पैसे वसूल. महिन्यातून एकदा मित्रांत बसणाऱ्याला मी हेच पेडल घेऊ नका म्हटलं असतं.

राहिला वहिनींचा मुद्दा, आणि त्या अर्ध्या बरोबर आहेत. कार्यक्रमाला कॅसिओ नेऊ नका, हात गिटारवर असताना त्याची बटणं दाबणार कशी? पण या महिन्याच्या परीक्षेला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पाठीमागे पेडलचं जॅक आहे का बघा. असलं तर बऱ्याच मॉडेलांच्या सेटिंगमध्ये सस्टेन (सूर लांबवणं) काढून तेच पेडल ऱ्हिदम चालू-बंद करण्याला लावता येतं. स्वस्तातलं सस्टेन पेडल आणा. समेवर पायाने सुरू करायचं, शेवटच्या समेवर पायानेच थांबवायचं, आणि मधल्या रोलच्या जागी दुसऱ्या पायाखाली ते झाकण. भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक मॉडेलांत केरवा-दादऱ्याचे ऱ्हिदमही असतात, तेव्हा भावगीतं त्यावर कशी बसतात तेही कळेल.

मित्राच्या शंकेचं उत्तरही त्यावरच मिळेल. मुलीला व्हॉल्यूमच्या बटणाशी बसवा. चार बार आवाज चालू, पुढचे चार बार तिने शून्यावर न्यायचा, मग पुन्हा वर. मधले चार बार तुम्ही एकटे. आवाज परत येईल तेव्हा तुम्ही समेवर असाल, नाहीतर पुढे पळालेले असाल. बहुतेक पुढेच असतात. पंधरा दिवसांनी हे अंतर कमी झालेलं दिसलं तर तबलेवाल्या मित्राला घरी बोलवा आणि त्यालाच गिटार देऊन तिथे बसवा, मुलगी बटणाशी आहेच. फक्त कॅसिओ तिचा आहे आणि महिनाभर लागणार आहे, तेव्हा आधी तिला विचारा.